काजू-मलईवाचून हॉटेलच्या तोडीचे जेवण

वाचकांचे प्रश्न : स्वयंपाकघर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच काळजीची होती: पाहुणे येणार आहेत, जेवण नेहमीपेक्षा वेगळे आणि देखणे व्हायला हवे, पण हात आखडता घ्यावा लागणार आहे. त्यातील काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले पत्र सर्वांत सविस्तर असल्याने त्याचे उत्तरही लांबले आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या मुलीचे लग्न ठरले असून होणारे व्याही, विहीणबाई, जावई आणि त्यांच्या घरची दोघे अशी पाच माणसे पुण्याहून प्रथमच आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला येत आहेत. आमचे तिघे धरून आठ पाने होतील. यजमान म्हणतात की हॉटेलात टेबल राखून ठेवू. पण लग्नाचा खर्च समोर असताना ते मला पटत नाही, आणि मुलीच्या सासरची माणसे पहिल्यांदा येणार तर त्यांनी आपल्या हातचे जेवावे अशी माझी फार इच्छा आहे. मात्र रोजचेच वाढले तर ते साधे वाटेल, अशी धास्ती वाटते. काजू, पनीर, मलई यांवर खर्च न करता घरातले शेंगदाणे, वांगी, तूरडाळ आणि ज्वारीचे पीठ एवढ्यावर हॉटेलच्या तोडीचे जेवण करता येईल का?
— एक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : निश्चित करता येईल, आणि यजमानांनाही आपण हे खात्रीने सांगावे. हॉटेलच्या जेवणाची जी चव आपल्याला वेगळी वाटते, तिच्यातला काजू-मलईचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. तेथे कांदा घाई न करता लालसर तपकिरी होईपर्यंत परतलेला असतो, वाटण आदल्या वेळी तयार ठेवलेले असते, शेवटची फोडणी पान वाढण्याच्या क्षणी पडते आणि प्रत्येक पदार्थ कढत समोर येतो. या चारही गोष्टींना पैसे लागत नाहीत. वेळ आणि आधी केलेली आखणी लागते, आणि घरी नेमके तेच कमी पडते, कारण आपण सगळा स्वयंपाक पाहुणे दारात येण्याच्या दोन तास आधी एकदम उभा करतो.

पहिला निर्णय पदार्थांच्या निवडीचा आहे आणि माझ्या मते निम्मे यश त्यातच आहे. ज्या पदार्थाचा जीवच मलईत आहे, तो मलईवाचून करायला जाऊ नये. पनीर बटर मसाला काटकसरीने केला की तो काटकसरीचाच दिसतो, आणि पुण्याच्या मंडळींनी तो शंभर वेळा खाल्लेला असतो. त्याउलट भरली वांगी, दुहेरी फोडणीचे वरण, कडक भाकरी, शेंगांची चटणी या पदार्थांना आपल्याकडचे जिन्नस मुळातच पुरेसे आहेत. सोलापूरच्या चुलीवर मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन घरांची सवय एकत्र नांदते, आणि त्यातून जे पदार्थ इथे रुजले ते पाहुण्यांना त्यांच्या शहरात रोज मिळत नाहीत. म्हणून मी असा बेत सुचवीन: आरंभी लहान पेल्यात टोमॅटोचे पातळ सार आणि कडक भाकरीच्या तुकड्यांवर चक्का व शेंगाचटणी, मुख्य जेवणात शेंगदाण्याच्या रश्शातली भरली वांगी, वरण, मऊ भाकरी, जिरेभात आणि काकडीची कोशिंबीर. गोडाविषयी शेवटच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे. यापेक्षा एकही पदार्थ वाढवू नये. पदार्थांची संख्या वाढली की प्रत्येकावरचे लक्ष कमी होते, आणि पाहुण्यांच्या जिभेला ते लगेच कळते.

आता शेंगदाण्याकडे वळू, कारण या जेवणात काजूची जागा तोच घेणार आहे. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल आणि सुमारे पाव हिस्सा प्रथिने असतात. तो पाण्यासोबत अगदी गुळगुळीत वाटला की तेलाचे बारीक कण पाण्यात मिसळून राहतात आणि रश्शाला मलईसारखा दाटपणा येतो. काजूत पिष्ट अधिक असल्याने त्याची चव सौम्य आणि गोडसर लागते. शेंगदाण्याला मात्र स्वतःचा ठसठशीत वास आहे, म्हणून तो किती भाजायचा हे पदार्थ पाहून ठरवावे लागते. पांढऱ्या रश्शासाठी तो न भाजता दहा-बारा मिनिटे उकळून, साले काढून वाटावा, म्हणजे कच्चा वास जातो आणि रंगही उजळ राहतो. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्शासाठी मात्र तो चांगला खरपूस भाजलाच पाहिजे.

भाजण्यासाठी जाड बुडाची लोखंडी कढई घ्यावी, आच मंद ठेवावी आणि हात सतत चालू ठेवावा. प्रथम काही मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. मग साल सुरकुतते, तडतड सुरू होते, आणि हळूहळू त्या आवाजात खंड पडू लागतो. या वेळी एक दाणा दोन बोटांत चुरडून त्याची दोन दले पाहावीत. कडा बदामी आणि मध्यभाग अजून फिकट दिसला की गॅस बंद करून दाणे लगेच परातीत पसरावेत, कारण तापलेल्या कढईत ते पुढेही भाजत राहतात आणि दोन मिनिटांत कडसर होतात. भाजण्यापूर्वी सुरकुतलेले, काळे पडलेले किंवा बुरशीचा वास येणारे दाणे निवडून टाकावेत. असा एखादा दाणाही सगळ्या वाटणाला कडवटपणा आणतो आणि बुरशी आरोग्यालाही घातक असते.

आठ पानांसाठी एक मोठी वाटी भाजलेले शेंगदाणे, दोन चमचे तीळ, सहा मध्यम कांदे, चार पिकलेले टोमॅटो, आल्याचा दोन बोटे तुकडा आणि एक गड्डा लसूण एवढे जिन्नस पुरतात. कांदा उभा चिरून तपकिरी होईपर्यंत परतावा, त्यात आले-लसूण घालून त्यांचा कच्चा वास जाऊ द्यावा आणि त्यानंतरच टोमॅटो घालावा. हे गार झाल्यावर शेंगदाणे-तिळांसह कोमट पाण्याने गंधासारखे बारीक वाटावे आणि वाटण एकदा चाळणीतून दाबून काढावे. घरी आपण ही चाळणी टाळतो. हॉटेलात ती टाळत नाहीत, आणि रश्शाच्या पोतातला फरक तिथेच पडतो. नंतर कढईत तेल तापवून जिरे, हळद आणि दोन चमचे काळा मसाला घालावा, तो करपण्याच्या आत वाटण घालावे आणि कडेने तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतावे. पाणी घालायचे ते उकळतेच घालावे. गार पाण्याने उकळी मोडते आणि तवंग नीट येत नाही. मीठ, चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ घालून रस्सा आपल्याला हवा त्याहून थोडा पातळच ठेवावा, कारण शेंगदाण्याचा रस्सा थांबला की दाट होत जातो.

वांगी लक्ष्मी मंडईत किंवा जिथे आपण भाजी घेता तिथे सकाळी जाऊन स्वतः निवडावीत. लहान, एकसारख्या आकाराची, काटेरी देठाची, तुकतुकीत सालीची आणि दाबल्यास घट्ट लागणारी सोळा वांगी घ्यावीत. देठ राखून चार चिरा द्याव्यात, मिठाच्या पाण्यात ठेवावीत आणि नंतर कापडाने कोरडी पुसावीत. भरण्यासाठी शेंगदाण्याचे जाडसर कूट, मीठ, काळा मसाला आणि थोडी कोथिंबीर एवढे पुरे. भरलेली वांगी थेट रश्शात सोडू नयेत. आधी तव्यावर थोड्या तेलात सगळीकडून परतून सालीला डाग पडू द्यावेत आणि मगच उकळत्या रश्शात दहा-बारा मिनिटे शिजवावीत. असे केल्याने वांगे आकार सोडत नाही, आणि ताटात देठ वर करून ठेवलेली दोन वांगी व त्याभोवती चमकणारा रस्सा हे दृश्यच हॉटेलच्या पदार्थासारखे दिसते.

वरणासाठी दीड वाटी तूरडाळ आणि अर्धी वाटी मूगडाळ हळद व चमचाभर तेल घालून मऊ शिजवावी आणि रवीने घोटावी. पहिली फोडणी बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो आणि हिरवी मिरची यांची द्यावी आणि वरण उकळून बाजूला ठेवावे. दुसरी फोडणी पाने मांडल्यावरच करावी: तीन चमचे तुपात जिरे, पातळ काप केलेला लसूण आणि सुकी मिरची घालून लसणाच्या कडा सोनेरी झाल्या की गॅस बंद करावा, मग अर्धा चमचा तिखट टाकावे आणि ती फोडणी लगेच वरणावर ओतावी. मसाल्यांचा सुवास तेला-तुपात चांगला उतरतो आणि थोड्या वेळाने उडूनही जातो. म्हणून दुपारी दिलेली एकच फोडणी रात्रीपर्यंत निष्प्रभ झालेली असते.

भाताचे फार काही सांगायला नको. जुना तांदूळ अर्धा तास भिजवून भरपूर मिठाच्या पाण्यात उकळावा, कणी मोडण्याइतकी उरली असताना वेळून परातीत पसरावा आणि वाढण्यापूर्वी जिऱ्याच्या फोडणीवर हलक्या हाताने गरम करावा. शिजलेला भात दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नये.

कडक भाकरी आपण घरी करत असाल तर उत्तमच. नसेल तर बचत गटातील महिलांनी केलेली पाकिटातली भाकरी शहरात सहज मिळते. अर्धा लिटर दही तीन-चार तास टांगून चक्का करावा, त्यात मीठ आणि किंचित जिरेपूड मिसळावी, आणि कडक भाकरीच्या दोन बोटे रुंद तुकड्यांवर तो पसरून वर शेंगाचटणी आणि चार-सहा डाळिंबाचे दाणे ठेवावेत. सोलापूरच्या डाळिंबाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या एका घासात आपल्या जिल्ह्याची दोन मानाची पिके एकत्र येतात. हे पाहुण्यांना आवर्जून सांगावे, कारण जेवणाइतकीच त्यामागची माहितीही आदरातिथ्याचा भाग असते. तुकडे मात्र पाहुणे बसल्यावरच रचावेत, नाहीतर भाकरी मऊ पडते.

आखणी अशी करावी. आदल्या दिवशी शेंगदाणे भाजून चटणी कुटावी, कांद्याचे वाटण करून फ्रीजमध्ये ठेवावे आणि रात्री दही टांगून ते पातेल्यासह फ्रीजमध्येच ठेवावे. त्या दिवशी दुपारी रस्सा उकळून ठेवावा, वरण पहिल्या फोडणीपर्यंत न्यावे आणि सार करावे. संध्याकाळी वांगी परतून रश्शात सोडावीत. पाहुणे आल्यावर आपल्याकडे केवळ भाकरी, भाताची फोडणी आणि वरणाची दुसरी फोडणी एवढेच उरते, आणि विहीणबाईंशी चार शब्द बोलायला आपण मोकळ्या राहता. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. या बेतात शेंगदाणा सर्वत्र आहे आणि काही माणसांना त्याची तीव्र ॲलर्जी असते. मुलीकरवी जावयांना आधीच विचारून घ्यावे. तसे असल्यास रश्शात तीळ आणि सुके खोबरे वापरावे, वांग्यातही तेच भरावे आणि चटणीही खोबऱ्याची करावी. तिळाचेही त्याच वेळी विचारून ठेवावे.

प्रश्न : ताई, मी कृतीबरहुकूम ग्रेव्ही करते, तरी कांद्याचा कच्चा वास राहतो आणि रंग पिवळट येतो. हॉटेलसारखा गडद रंग येण्यासाठी कृत्रिम रंग घालावा लागतो का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : कृत्रिम रंगाची मुळीच गरज नाही, आणि घरच्या जेवणात तो घालूही नये. आपल्या पत्रावरून मला असे वाटते की आपला कांदा परतला जात नसून वाफवला जात आहे. कांद्यात बहुतांश पाणीच असते. ते पाणी कढईत आहे तोवर तेथील तापमान शंभर अंशांच्या वर फारसे जात नाही, आणि कांद्याला तपकिरी रंग व खमंग गोडी देणारी क्रिया तर 140 अंशांच्या आसपास वेग घेते. म्हणजे आधी पाणी उडाले पाहिजे, मग रंग येणार. लहान कढईत पुष्कळ कांदा कोंबला, वर झाकण ठेवले किंवा रंग येण्यापूर्वीच टोमॅटो घातला तर हे पाणी उडतच नाही. टोमॅटोने आणखी एक अडचण होते: त्याच्या आंबटपणामुळे कांदा मऊ पडायला फार वेळ लागतो आणि त्याचे तुकडे शेवटपर्यंत करकरीत राहतात.

म्हणून पसरट कढई घ्यावी आणि झाकण ठेवू नये. सुरुवातीला चिमूटभर मीठ घालावे म्हणजे पाणी लवकर सुटते. पहिली दहा मिनिटे आच मध्यम ठेवावी. कांदा पारदर्शक होऊन आकसला की आच कमी करावी आणि पुढे तळाला जे तपकिरी चिकटते ते दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्याने सोडवत राहावे. तो थर म्हणजेच रश्शाचा रंग आणि चव आहे, तो घासून टाकायचा नाही. सहा कांद्यांना एकूण अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागतो. काहीजण लवकर रंग यावा म्हणून खाण्याचा सोडा घालतात. त्याने रंग लवकर येतो हे खरे, पण कांद्याचा लगदा होतो आणि जरा प्रमाण चुकले तर साबणासारखी चव येते, म्हणून मी तो सुचवीत नाही.

लाल रंगासाठी ब्याडगी मिरची वापरावी. ती कर्नाटकातून येते आणि आपल्याकडे मसाल्याच्या दुकानांत सहज मिळते; तिच्यात तिखटपणा कमी आणि रंग पुष्कळ असतो. ती गरम पाण्यात भिजवून वाटावी आणि वाटण तेलात परतावे. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, त्यामुळे तेलात न परतता नंतर घातलेले तिखट रश्शात केवळ तरंगत राहते.

प्रश्न : ताई, मी विद्यापीठात शिकतो आणि मित्रासोबत खोली घेऊन राहतो. आमच्याकडे एकच शेगडी, एक कुकर, एक तवा आणि एक कढई आहे. मित्राच्या वाढदिवसाला चारजणांना काहीतरी खास खाऊ घालायचे आहे. ढाब्यावर मिळते तशी धुराची चव घरी कशी आणता येईल?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : तुमच्याकडे उघड्या ज्योतीची शेगडी आहे, एवढे पुरेसे आहे. दोन मोठी भरताची वांगी घ्या, त्यांना तेलाचा हात लावा, सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा आणि थेट ज्योतीवर ठेवून फिरवत राहा. न टोचलेले वांगे वाफेने फुटू शकते, म्हणून ती पायरी गाळू नका. साल पूर्ण काळी होऊन वांगे देठाशी ढिले पडले की ते एका भांड्यात झाकून ठेवा. त्या झाकलेल्या वेळात धुराचा वास गरात मुरतो. साल हाताने काढा, वांगे नळाखाली धरू नका, कारण पाण्याबरोबर तीच चव वाहून जाते. गर सुरीने जाडसर कापा, त्यात दाण्याचे कूट, कांदा, कोथिंबीर, मीठ आणि घट्ट दही घाला आणि वर लसूण-मिरचीची फोडणी द्या.

डाळीला धुराची चव हवी असेल तर धुंगार द्या. लाकडी कोळशाचा एक तुकडा ज्योतीवर लालबुंद करा, तो स्टीलच्या लहान वाटीत ठेवून वाटी डाळीच्या भांड्यात तरंगती ठेवा, निखाऱ्यावर अर्धा चमचा तूप सोडा आणि लगेच घट्ट झाकण लावा. दोन-तीन मिनिटे पुरेत, त्याहून जास्त वेळ ठेवलेत तर डाळ कडवट लागते. खिडकी आणि दार उघडेच ठेवा. बंद खोलीत जळता कोळसा ठेवणे जीवघेणे ठरू शकते, आणि काम झाल्यावर निखारा पाण्यात विझवल्याशिवाय टाकू नका.

एका शेगडीवर क्रम असा ठेवा: आधी वांगी, मग कुकरमध्ये डाळ आणि तिच्यावरच्या डब्यात भात, आणि कुकरची वाफ जिरेपर्यंत कढईत फोडण्या. भाकऱ्यांचा खटाटोप करू नका, बाहेरून आणून तव्यावर गरम करा.

प्रश्न : आमच्या घरी पाहुण्यांना सामिष जेवण लागते, पण आठ-दहाजणांसाठी मटण आणणे सध्या शक्य नाही. अंड्यांवर वेळ निभावून नेता येईल का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : निभावून नेण्याची भाषा नको, अंड्याचा रस्सा नीट केला तर त्यात कमीपणा काहीही नाही. अंडी पाण्याला उकळी आल्यापासून नऊ-दहा मिनिटे उकडून लगेच गार पाण्यात टाकावीत, म्हणजे बलकाभोवती हिरवट-करडी कडा येत नाही. सोलून उभ्या बारीक चिरा द्याव्यात आणि हळद, तिखट, मीठ घातलेल्या तेलात अंड्यांवर फोड येईपर्यंत परतावीत. रस्सा पहिल्या पत्रात दिलेल्या वाटणाचाच करावा, मात्र शेंगदाणे निम्मे घ्यावेत, त्याऐवजी भाजलेले सुके खोबरे आणि काळा मसाला थोडा वाढवावा, आणि रस्सा चांगला पातळ ठेवावा, कारण मटणाच्या रश्शाची आठवण दाटपणाने येत नाही, तर्रीने येते. अंडी वाढण्यापूर्वी पाच मिनिटे रश्शात सोडावीत, आधीपासून उकळत ठेवली तर चिवट होतात. सोबत ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा आणि लिंबू द्यावे.

प्रश्न : ताई, भाकरी मऊ आणि गरम वाढायची तर घरची बाई शेवटपर्यंत चुलीपुढेच अडकते. पोळ्या करून ठेवाव्यात का? आणि माझी भाकरी थापताना कडेला फाटते, ती पाहुण्यांपुढे कशी वाढायची?
— एक गृहिणी, मोहोळ

उत्तर : पोळ्या करून ठेवू नयेत, आपल्या मुलखात ज्वारी असताना पाहुण्यांसाठी भाकरीच शोभते. कडा फाटतात याचे कारण बहुधा पीठ आहे. जुन्या पिठाची विरी जाते, आणि ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने ते मग एकत्र धरून राहत नाही. आठवड्यापेक्षा जुने पीठ घेऊ नये, आणि पीठ कढत पाण्याने मळावे. उष्णतेने पिठातले पिष्ट फुगून चिकट होते आणि तेच भाकरीला धरून ठेवते. मळण्यात कसूर करू नये; तळहाताने पुढे ढकलत पीठ मऊसूत झाले की मगच गोळा घ्यावा, आणि एका वेळी एकाच भाकरीचे पीठ मळावे.

घरच्या बाईच्या अडकण्याबद्दल आपण लिहिले ते अगदी खरे आहे आणि त्यावर उपाय झालाच पाहिजे. भाकऱ्या पाहुणे येण्याच्या आधी अर्धा-पाऊण तास कराव्यात, प्रत्येकीवर तुपाचा हात फिरवून त्या सुती फडक्यात गुंडाळाव्यात आणि झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. एवढा वेळ त्या मऊ आणि कोमट राहतात. पहिल्या वाढीला या द्याव्यात. त्यानंतर कोणी गरम भाकरी मागितली तर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, मग तो मुलगा का असेना, तव्यावर एकेक गरम करून आणावी. जेवायला बसण्याचा मान घरच्या बाईलाही पाहुण्यांसोबतच मिळाला पाहिजे, आणि तसा बेत आखणे हे सर्व घराचे काम आहे.

प्रश्न : गोड काय करावे? बासुंदीला दूध फार लागते आणि बाजारची मिठाई वाढणे बरे वाटत नाही. शेंगपोळी चालेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : शेंगपोळी मला अतिशय प्रिय आहे आणि दोन दिवस टिकत असल्याने सोयीचीही आहे. मात्र चटणीत आणि रश्शात शेंगदाणा असेल तर गोडातही तोच नको. पहिल्या पत्रातल्या बेतासाठी मी हुग्गी सुचवीन, म्हणजे आपल्या भागातली खपली गव्हाची खीर. सणावारी मोठ्या पातेल्यात होते म्हणून ती आपल्याला घरगुती वाटते, पण लहान वाटीत, नीट वाढली तर तिच्याइतके भारदस्त गोड दुसरे नाही, आणि खर्च गहू-गुळाचाच.

दोन वाट्या सडलेला, म्हणजे कांडून कोंडा काढलेला, खपली गहू रात्रभर भिजवून कुकरमध्ये पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. दाणा दोन बोटांत सहज दबला पाहिजे. शिजलेल्या गव्हातला चौथा हिस्सा रवीने घोटून परत मिसळावा, म्हणजे खिरीला अंगचाच दाटपणा येतो. गहू पुरता शिजल्यावरच दीड वाटी गूळ घालावा, कारण गूळ घातल्यानंतर दाणा पुढे मऊ होत नाही. मग भाजलेली खसखस, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, सुंठ, वेलदोडा आणि किंचित जायफळ घालून दहा मिनिटे मंद आचेवर शिजू द्यावे.

दूध या खिरीत उकळताना घालू नये, गुळामुळे ते फाटण्याची भीती असते. हुग्गी कोमट असताना वाट्यांत वाढावी, वर चमचाभर तूप आणि थोडे परतलेले खोबरे घालावे, आणि गरम दूध वेगळ्या लहान तांब्यात पानाजवळ ठेवावे, म्हणजे ज्याला जितके हवे तितके तो स्वतः घेईल.